गुडगावच्या मागचा समुद्र

नंदा,

तुझं ऐकून मी त्या समुद्राला वर्षभर हात लावला नाही, आणि तू मात्र निकाल न ऐकताच निघून गेलीस. ही कुठली रीत? भांडण अर्धवट टाकून उठायची सवय माझी होती. तू नेहमी शेवटपर्यंत बसायचीस, डबा उघडून, लोणच्याची फोड माझ्या झाकणात ठेवून, अगदी शांतपणे.

महिना होत आला. शोकसभेत सगळे छान बोलले. तुझी नोकरी, तुझा स्वभाव, तुझं अक्षर. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठले आणि काही सुचेना म्हणून परत बसले. लोकांना वाटलं मला भरून आलंय. ते तर आलंच होतं, पण खरी अडचण वेगळी होती. तुझ्याविषयी सलग पाच वाक्यं बोलायची मला सवयच नाही. एक वाक्य मी बोलायचं, दुसऱ्याला तू हरकत घ्यायची, तिसऱ्यात मी चिडायचं, असंच आपलं इतकी वर्षं चाललं. समोरून हरकत येईना तर पुढे काय बोलणार?

म्हणून इथे लिहितेय. इथेही हरकत येणार नाही, हे ठाऊक आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांना वाटेल, दिल्लीतल्या एका मराठी शाळेतल्या दोन शिक्षिका, एक इतिहासाची, एक भूगोलाची, स्टाफरूममध्ये भांडत असतील. आपण स्टाफरूममध्ये कधीच भांडलो नाही. आपण वर्गात भांडायचो, तिसरी-चौथीच्या मुलांसमोर, वेळापत्रकात लावून घेतलेल्या तासाला.

त्याची सुरुवात तूच केलीस. मी फळ्यावर यमुना काढत होते. उगम, उपनद्या, काठची शहरं, सगळं कसं ओळीने. तू दारातून चालली होतीस, थांबलीस आणि आत डोकावून म्हणालीस, "शालन, ही नदी इथेच होती का पहिल्यापासून? की सरकत आलीये? कधी?" मला राग आला. मी म्हटलं, "आधी ती कुठे आहे ते तर कळू दे मुलांना." तू म्हणालीस, "कुठे आहे ते त्यांना मेट्रोतून दिसतं, यार." तोवर अर्धा वर्ग झोपेला आला होता, तो ताठ बसला. दोन टीचर एकमेकींना उत्तरं देतायत, असं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. घंटा झाली तरी कुणी हललं नाही.

मग तूच मोठ्या मॅडमकडे जाऊन दोघींचा मिळून एक तास मागून घेतलास. एक विषय घ्यायचा, पाणी म्हणा, पोळी म्हणा, रस्ता म्हणा, आणि इतिहास नि भूगोल दोन्ही त्याच्याच पोटातून काढायचे. तू दाराजवळच्या खुर्चीवर, मी खिडकीजवळच्या. तुझा प्रश्न ठरलेला, 'कधी?' माझा ठरलेला, 'कुठे?' वेळापत्रकात त्या तासाला काहीतरी भारदस्त नाव होतं. मुलांनी त्याला 'भांडणाचा तास' म्हटलं आणि तेच राहिलं.

पोळीच्या वेळचा गोंधळ आठवतो ना? तू घरी विचारून यायला सांगितलंस, 'आपल्या घरात भाकरी कधी मागे पडली आणि पोळी कधी आली?' दुसऱ्या दिवशी एक आई फाटकातच उभी. "मॅडम, तुमच्या होमवर्कवरून आमच्याकडे सासूबाई दोन दिवस बोलत नाहीयेत. त्यांचं म्हणणं, भाकरी मी बंद पाडली." तू तिला आत नेलंस, चहा पाजलास आणि वर विचारलंस, "पण खरंच, कधी बंद झाली?" ती हसतच गेली. दिल्लीत ज्वारीचं पीठ कुठे मिळतं, यावर मी मुलांचा पुढचा तास काढला. त्या दिवशी आपण दोघी एकाच बाजूला होतो, हे मला नंतर घरी गेल्यावर लक्षात आलं. तुला सांगितलं नाही.

आता समुद्राचं.

गेल्या वर्षी ही मुलं तिसरीत होती. विषय पाणी. तुझ्या डोक्यात आलं की छापील नकाशा टांगायचा नाही, मुलांनीच एक मोठा नकाशा करायचा, आठवणीतून, कळेल तसा. मी म्हटलं, एवढा कागद कुठून आणणार? दुसऱ्या दिवशी तू घरची डबलबेडची चादर मधोमध फाडून अर्धी घेऊन आलीस. लग्नात आलेली, पांढरी, जाड, बाजूला बारीक निळी कड. "तुझे वसंतराव काय म्हणाले?" मी विचारलं. "ते म्हणाले, निदान दुसरा अर्धा राहू दे. मी म्हटलं, तुमच्या दिवाणाला अर्धाच पुरतो." रंगाला आपण दोघी पहाडगंजात गेलो. कपड्यांवर काढायचे रंग महाग वाटले म्हणून तू नदी-समुद्रासाठी सरळ निळीच्या पुड्या घेतल्यास.

मुलांनी मधोमध शाळा काढली. मग यमुना, मग आपापली घरं. कॅन्टोन्मेंटची मुलं एका बाजूला, सरकारी क्वार्टर्सची दुसऱ्या, तुमच्या गाझियाबादची दोघं पार नदीपलीकडे. आणि द्वारकेत राहणाऱ्या ओजसने गुडगावच्या मागे भरपूर नीळ ओतून समुद्र काढला. अख्खी पश्चिम कड निळी करून टाकली.

मी म्हटलं, "ओजस, हे काय?"

"समुद्र."

"गुडगावच्या मागे?"

"हो टीचर. आजोबांच्या गावाला सूर्य समुद्रात बुडतो. मी बघितलंय. आमच्या बाल्कनीतून सूर्य गुडगावच्या मागे जातो. मग तिथेच असणार ना समुद्र."

सगळा वर्ग माना डोलवू लागला. बिल्कुल बरोबर आहे. यांतल्या निम्म्यांची सुट्टी कोकणात जाते. बाकीच्यांनी मराठीच्या पुस्तकात वाचलेलं असतं की पश्चिमेला समुद्र. दिल्लीत जन्मलेलं, दिल्लीत वाढलेलं, आणि दिशा मात्र आजोळच्या. ही चूक दिल्लीतल्या दुसऱ्या कुठल्या शाळेतली मुलं करणार नाहीत, आपलीच करणार.

मी ओला बोळा घेऊन उठले. तू माझा हात धरलास. वर्गात, मुलांसमोर.

"पुसू नकोस."

"नंदा, चूक आहे ते."

"चूक आहे, पण बघून विचार करून केलेली आहे. ज्याने डोळ्यांनी बघून समुद्र आणला, त्याच्याकडून तो डोळ्यांनी बघितलेल्यानेच काढून घ्यायचा. तू सांगून नाही."

त्यावरून आपलं जे जुंपलं ते वर्षभर. मी भूगोलाच्या तासाला दिशा शिकवल्या, शेजारची राज्यं पाठ करून घेतली. परीक्षेत सगळ्यांनी बरोबर लिहिलं. ओजसने तर राजस्थान अधोरेखित केलं. मी त्याचा पेपर तुझ्यासमोर आपटला. तू चष्मा वर सरकवलास, त्याला बोलावलंस आणि विचारलंस, "बाळा, राजस्थानच्या आणि समुद्राच्या मध्ये काय आहे?" तो म्हणाला, "गुडगाव." तू माझ्याकडे बघितलंस. हसली नाहीस, एवढे उपकार केलेस.

"तुझ्या पेपरात राजस्थान आहे," तू नंतर मला म्हणालीस, "आणि त्याच्या डोक्यात समुद्र आहे. दोघांची गाठ पडेल तेव्हा शिकला म्हणू."

"आणि नाही पडली तर?"

"पडेल गं. आपल्या शाळेत कुठून कुठून मुलं येतात. येईल कुणीतरी."

मी म्हटलं, शाळा अशी कुणीतरी येण्याच्या भरवशावर चालत नाही. नकाशा आधी, गोष्टी नंतर. तुझं नेहमीचं, गोष्ट आधी, नकाशा ती ऐकताना मूल स्वतःच मागतं. एप्रिलमध्ये निकालाच्या दिवशीसुद्धा आपण यावरच भांडलो. उन्हाळ्याची सुट्टी संपली तेव्हा नीळ जरा उडाली होती. मी मनात म्हटलं, बरं झालं, आपोआप जाईल. तू पहिल्याच दिवशी मुलांच्या हातात नवी पुडी दिलीस. समुद्र पहिल्यापेक्षा गडद झाला.

आणि मग तो 'बदली'चा वाद. तोही तसाच राहिला. रस्ता हा विषय चालू असताना आपण मुलांना हिंदूरावच्या टेकडीवर घेऊन गेलो होतो. बसमधून उतरल्यावर मुलं पाटीवरचं नाव वाचून उड्या मारायला लागली, हे तर आपल्यातलं नाव. तू सांगितलंस, फार पूर्वी ग्वाल्हेरहून आलेला माणूस होता, इथे राहिला. मी ग्वाल्हेर कुठे ते हाताने दाखवलं. एक मुलगी म्हणाली, "टीचर, त्यांची पण बदली झाली होती का?" तुझे डोळे असे चमकले की मला पुढचं सगळं कळलं. परतताना बसमध्ये तू घोषणा केलीस, पुढचा विषय बदली. मी म्हटलं, बदली हा विषय नाही, वैताग आहे. प्रत्येकाचं गाव वेगळं, वर्ष वेगळं, हातात काही येणार नाही, नुसता पसारा होईल. तू म्हणालीस, "अच्छा, मग पसाराच शिकवू." पाऊस संपता संपता सुरू करायचं ठरलं. ठरलं म्हणजे तू ठरवलंस.

पाऊस संपला आणि तू नव्हतीस.

तुझ्या घरी आम्ही सगळे आलो होतो. वसंतराव दिवाणावर बसले होते. त्यांच्याखाली तोच दुसरा अर्धा. निळी कड एका बाजूला होती, दुसऱ्या बाजूला फाडलेला काठ, त्याला तू हाताने दुमड घालून टिपलेलं. मी त्या टाक्यांकडे बघत बसले. लोक काय बोलत होते ते मला सांगता येणार नाही. नंदा, मी फार रडले त्या दिवशी. तू असतीस तर म्हणाली असतीस, कुठे रडलीस ते सांग. मेट्रोत. तुमच्या वैशाली स्टेशनपासून थेट माझ्या घरापर्यंत.

नंतरच्या आठवड्यात मोठ्या मॅडमनी बोलावलं. मायेनेच बोलल्या. "शालनताई, तो तास दोघींचा होता. आता आपण दोन्ही विषय वेगळे करू या, पुस्तकाप्रमाणे. नवीन मॅडम इतिहास घेतील. तुमच्यावरचा ताण पण कमी होईल." त्यांचं काही चुकत नव्हतं. एकटीने कोण भांडणार? आणि मीच तर वर्षानुवर्षं म्हणत आले होते की विषय ओळीने शिकवावेत. हातात आयतं पडलं होतं. मी 'बरं' म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "एक विषय बाकी आहे. तेवढा करू द्या. नाही जमलं तर तास बंद करा."

"कुठला विषय?"

"बदली," मी म्हटलं. तू ऐकायला हवं होतंस.

पहिला दिवस वाईट गेला. मी खिडकीजवळ बसले, तुझी खुर्ची दाराजवळ रिकामी. मी 'कुठे' विचारलं, मुलांनी गावं सांगितली, मी फळ्यावर लिहिली. ओळीने. छान यादी झाली आणि वर्ग मरगळला. मुलं माझ्याकडे बघेनात, खुर्चीकडे बघत होती. मी उठून तुझ्या खुर्चीत बसून बघितलं. तिथून 'कधी' विचारलं. माझ्या तोंडून तो प्रश्न हजेरी घेतल्यासारखा आला. एकजण दबक्या आवाजात म्हणाला, "टीचर, तुम्ही तिथे नका ना बसू." मी परत खिडकीकडे गेले. मोठ्या मॅडम दारातून जाताना दिसल्या. थांबल्या नाहीत.

त्याच आठवड्यात नवी मुलगी आली. श्रावणी. वडील फौजेत, मूळ गाव साताऱ्याकडचं, पण गावात ती राहिलेली नाहीच. बुजलेली, मराठी-हिंदी एकत्र करून बोलणारी. भांडणाच्या तासाला मागे बसून ती चादरीकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मी फळ्याकडे वळले तेव्हा मागून आवाज आला.

"टीचर, ये समंदर क्यों है?"

ओजसने वळूनही बघितलं नाही. "कारण तिकडे सूर्य बुडतो."

"नाही. तिकडे आम्ही होतो. तिथून तर आलो. ट्रेनने." ती उठून पुढे आली. "जैसलमेरला. तिथे समुद्र नाही, वाळू आहे. सगळीकडे वाळू."

"मग सूर्य कशात बुडतो?"

"वाळूत. मी रोज बघायचे. क्वार्टरच्या छतावरून."

ओजसचा चेहरा मी विसरणार नाही. तो आता पूर्ण तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "खरंच बघितलंस?"

"आमच्या पेटीत अजून वाळू आहे. काळी पेटी आहे ना पप्पांची, तिच्या कोपऱ्यात. मम्मी झटकते तरी निघत नाही."

मी बोलणार होते. वर्षभर साठवलेलं सगळं जिभेवर होतं, अंतर, दिशा, थंडीत सूर्य नैर्ऋत्येला कसा कलतो ते. आणि मला तुझा हात मनगटावर जाणवला, बोळ्याच्या वेळचा. मी गप्प बसले. नंदा, तुझ्या कुठल्याही आज्ञेपेक्षा हे कठीण होतं, याची नोंद घे.

ओजस चादरीपाशी गेला. बोटाने दिल्ली ते निळ्या कडेपर्यंत मोजलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "टीचर, मग समुद्र आहे कुठे? खरा नकाशा द्या ना."

त्याने मागितला. मी कपाटातून छापील नकाशा काढला आणि मुलं त्याच्यावर तुटून पडली. परीक्षेआधी इतकी कधी पडली नव्हती. जैसलमेर सापडलं, आजोबांचं गाव सापडलं, दोन्हींपासून दिल्लीकडे बोटं सरकू लागली, आणि ज्याच्या त्याच्या बदलीचं गाव वाटेत यायला लागलं. तुझा पसारा, नंदा. गोष्ट आधी आली आणि नकाशा मागून. तू जिंकलीस. हे मी तुझ्या तोंडावर मान्य केलं असतं का? नसतं केलं. अजून एक वर्ष तरी ओढलं असतं, तुला खात्री असेल.

मग प्रश्न आला, समुद्राचं काय करायचं. मी म्हटलं, पुसू या. सगळा वर्ग ओरडला, नाही. ओजस म्हणाला, "पुसायचा नाही. लांब न्यायचा. पण चादर संपली."

मी त्या संध्याकाळी वसंतरावांना फोन केला. काय सांगावं कळेना. शेवटी सरळ म्हटलं, "भावोजी, चादरीचा दुसरा अर्धा पाहिजे. शाळेला."

मला वाटलं, चुकलं आपलं, एवढ्यात मागायला नको होतं. मग ते म्हणाले, "धुऊन आणतो."

स्वतः आले. घडी इस्त्रीची होती. दुमड उसवलेली होती, टाक्यांची भोकं तेवढी दिसत होती. मुलांनी बाकं बाजूला सारली आणि दोन्ही अर्धे जमिनीवर पसरले. ओजसने निळा पट्टा कात्रीने कापला, जरा वाकडाच. मग दिल्लीच्या बाजूला तुझा दुसरा अर्धा जोडला आणि पट्टा नेऊन पार पलीकडच्या टोकाला लावला. बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदा सुई धरली होती. धावदोरा कसला, मुंग्यांची रांग. मी इकडे दक्षिणेची बाजू पण वाढवायला हवी म्हणून कुरकुरले, कारण समुद्र नुसता पश्चिमेला नाही, खाली आहे. पण कापड तेवढंच होतं. चूक आहे, पण आधीपेक्षा थोडी कमी आहे. यावर तू काय म्हणाली असतीस ते मला ऐकू आलं आणि मी सुईत दोरा ओवायला घेतला.

मोठ्या मॅडम आल्या, चादर बघितली, वसंतरावांना नमस्कार केला. मला म्हणाल्या, "ही आता या भिंतीवर मावणार नाही. पुढच्या आठवड्यापासून तास हॉलमध्ये घ्या." इतकंच. तास राहिला, नंदा.

वसंतरावांना कुणीतरी खुर्ची पुढे केली. तुझी. रिकामी तीच होती. मुलांच्या सुया हातातच राहिल्या. वसंतरावांना ठाऊक नव्हतं, ते आपले बसले, चष्मा पुसला, आणि एवढ्या मोठ्या कापडाकडे बघत म्हणाले, "अरे वा. हे सगळं कधी केलंत तुम्ही?"

वर्ग खो खो हसत सुटला. वसंतराव गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. श्रावणीला काही कळेना, तिला ओजस कानात समजावत होता. मला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि कुणापासून लपवावंसं वाटलं नाही.

आता चादर हॉलमध्ये आहे. दिल्लीपासून समुद्रापर्यंत तुझा सबंध अर्धा पांढरा पडलाय. मध्ये श्रावणीने एक काळी पेटी काढलीय, तिच्याभोवती थोडी वाळू. बाकी सगळं कोरं. वर्ष पुरेल इतकं. मुलं एकमेकांना 'कधी' विचारतात. तुझ्याइतकं आगाऊपणे नाही जमत त्यांना, पण शिकतील.

तास संपला की तू रोज डस्टर झटकताना विचारायचीस, "मजा आली ना?" आणि मी रोज म्हणायचे, "वेळ वाया गेला नंदा, धडा राहिला." इतक्या वर्षांत एकदाही दुसरं काही म्हटलं नाही. परवा हॉल रिकामा झाल्यावर मी तुझी खुर्ची दाराजवळ नेऊन ठेवली आणि तिथे उभी राहून तुला उत्तर दिलं. इथेही लिहून ठेवते.

आली नंदा. रोज आली.

तुझी,
शालन